वचनाखालची रेघ

घरात बायबल एकच. पहाटे सासूबाई वाचायच्या, दुपारी बाळ निजलं की सून. ज्यानं त्यानं आपल्यापुरता बोध घ्यायचा, अशी शिस्त. पण पानोपानी सासूबाईंच्या पेन्सिलीची रेघ असे, कधी आळशाच्या वचनाखाली, कधी भांडकुदळ बायकोच्या. लेकी बोले सुने लागे, आणि इथे लेकही नव्हती. आज रेघ जीभ आवरण्याच्या वचनाखाली दिसली. वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवूनच सून स्वयंपाकघरात गेली. “आई, ही रेघ कुणासाठी?” “माझ्यासाठी. काल बाळाच्या आंघोळीवरून तुला टाकून बोलले.” सून वरमली. सासूबाईंनी हळूच विचारलं, “आणि तू पानांचे कोपरे दुमडतेस, ते माझ्यासाठीच ना? त्या पानांवरूनच मी सुधारतेय.” “नाही हो. बाळ रडलं की उठावं लागतं, म्हणून खूण ठेवते.” सासूबाई हसल्या. “म्हणजे दोन महिने मला बाळच शिकवतंय? असू दे, दुमडत जा.”