काड्यापेटीतली बुरशी

संग्रहालयाच्या नव्या साहेबांनी कपाट उघडून नाक मुरडलं. आत ओळीनं काड्यापेट्या. प्रत्येकीत साठ वर्षांपूर्वी जंगलातून आणलेल्या श्लेष्मबुरशीचा, म्हणजे ओल्यात रांगणाऱ्या चिकट बुरशीचा, वाळका भुगा.

"बाई, ही केव्हाच मेलीय. हा घ्या लेखी हुकूम. पंधरा दिवसांत सगळं कचऱ्यात!"

"मेली हे ठरवणारे तुम्ही कोण?" कपाट सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग काय, तुम्ही जिवंत करणार?"

"जीव देणारा वर बसलाय. मी नुसतं पाणी घालते."

पंधराव्या दिवशी बाईंनी साहेबांपुढे काचेची बशी ठेवली. बशीत तोच हुकूम, ओलाचिंब. त्यावर टाकलेल्या चिमूटभर भुग्यातून पिवळीधमक बुरशी रांगत साहेबांच्या सहीवर चढली होती.

"तुमचा हुकूम मी तिलाच दिला होता, साहेब. हे तिचं उत्तर."