तीन वाजताचा फ्यूज

पावणेतीनला मंगलाबाईंनी एसी अठरावर टाकला, न्हाणीघरातला गीझर लावला आणि इस्त्री तापत ठेवली. पिपलानीतल्या कारखान्याच्या कॉलनीत, भर मे महिन्यात गीझर! कुणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

पलंगावर नरहर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सदतीस वर्षं कारखान्याचं वायरिंग सांभाळलेला माणूस. जानेवारीत निवृत्त झाले, क्वार्टर त्याच कारखान्यात लागलेल्या मुलाच्या, श्रीकांतच्या नावावर झालं आणि यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. मंगलाबाईंचा जीव तीळतीळ तुटायचा.

एप्रिलात एकदा जिन्याखालचा फ्यूज उडाला आणि सहाही क्वार्टरची वीज गेली. वरच्या मजल्यावरची कांचन हाका मारत आली, तर हे ताडकन उठले, टेस्टर घेऊन खाली गेले आणि परत आल्यावर चक्क चहा मागितला. मंगलाबाईंनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

पहिले चार दिवस सगळं लावूनही फ्यूज ढिम्म. चौथ्या संध्याकाळी नरहर आपणहून खाली जाऊन आले, तेवढंच. पाचव्या दुपारी मात्र देव पावला, आणि तेव्हापासून रोज पावत होता.

आजही तीनच्या सुमाराला एसी बंद पडला.

"काका, बत्ती फिर गुल!" जिन्यातून कांचन ओरडली.

नरहर उठले. तोंड धुताना म्हणाले, "नळाला कढत पाणी येतंय."

"टाकी तापली असेल," म्हणत मंगलाबाईंनी इस्त्री दाराआड सरकवली.

खाली कांचन टॉर्च धरून उभी होती. "काका, रोज रोज तुम्हाला किती त्रास! ही बघा, मी मार्केटमधून जाड तार आणलीय. हीच टाका, झंझटच खतम."

नरहरांनी तार बोटांत फिरवून पाहिली. चांगली होती. ती त्यांनी कांचनला परत दिली आणि आपल्या डब्यातून एक बारीक तार काढली.

"अहो काका, ही तर उद्या पुन्हा उडेल!"

"उडायलाच हवी," नरहर स्क्रू आवळत म्हणाले. "पहिले चार दिवस उडाली नाही, तर तुझी काकू स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून रडत होती."