येणाऱ्यासाठी कोट

"बाह्या लांब होतील," थोरली म्हणाली. "गिऱ्हाइकाचं माप दोनदा घेतेस आणि याचं नुसतं नजरेनं?"

"तुरुंगात टेप कोण नेऊ देतं, ताई?" धाकटीनं मशीनचं चाक थांबवून दातानं दोरा तोडला. "फार वाळलाय. अंग पुन्हा भरेल म्हणून खांद्यात मुद्दाम सैल ठेवलाय."

धाकटीचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. नाताळाआधीचा आगमनकाळ लागल्यापासून मशीनवर चर्चचं जांभळं कापड होतं. ते आटोपलं आणि हा कोट आला. ज्याच्यासाठी तो होता, तो उद्या सकाळी तुरुंगातून सुटणार होता. थोरली बहिणीला धीर द्यायला म्हणून आली होती, पण धाकटी गुणगुणत होती. त्याचाच थोरलीला राग येत होता.

"पहिली काही वर्षं तर तो तुला भेटायलाही कोठडीतून बाहेर आला नाही. तू आपली हेलपाटे घालत राहिलीस."

"लाजत होता."

"लाज असती तर हे घडलंच नसतं. तुझ्या आयुष्याची राखरांगोळी केली त्यानं. आणि तू त्याला कोट शिव!"

"थंडी आहे बाहेर," धाकटी म्हणाली आणि काजं करायला बसली.

संध्याकाळी दोघी चर्चला गेल्या. आगमनकाळातली चौथी, शेवटच्या रविवारची मेणबत्ती पेटली. पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रभूच्या येण्याची वाट पाहतो, पण आपण लायक झालो म्हणून तो येत नाही. आपण पापात असतानाच तो आला, हीच कृपा. थोरली हे लहानपणापासून ऐकत होती आणि दरवर्षी मान डोलवत होती. यंदा मान हलेना.

"कृपा देवाला परवडते," परतताना ती म्हणाली. "आपली काय ऐपत?"

"माझीही नाही. कधीकधी उशीत तोंड खुपसून ओरडते मी. मग देवाकडे मागते, आणि मिळेल तेवढी पुढे देते. साठवायला जावं तर हाती काही राहत नाही."

घरी आल्यावर तिनं मुलाच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली. थोरली दारातच अडखळली.

"सरळ याच खोलीत? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. दुकानात गिऱ्हाइकांसमोर झोपवू का त्याला?"

थोरलीनं मनात ठरवून टाकलं. सकाळी दार आपणच उघडायचं आणि आल्या पावली त्याला परत पाठवायचं. बहिणीला पुन्हा कोसळताना बघणं तिच्यानं होणार नव्हतं.

सकाळी दार वाजलं तेव्हा धाकटी चहा टाकत होती. थोरलीनं दार उघडलं. केस बारीक कापलेला, गालफडं बसलेला तरुण पायरीच्या खालीच उभा होता. हातात एक पिशवी. तिनं पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं, पण तो थंडीनं कुडकुडत होता. वाक्य तसंच गिळून ती दारातून बाजूला सरली.

तोवर धाकटी पदराला हात पुसत पुढे आली. "ये. बाहेर का उभा?"

त्यानं मान वर केली नाही. "काकू, मी... मी कुठल्या तोंडानं आत येऊ?"

"काकू नको म्हणूस," धाकटी म्हणाली आणि पायरी उतरून तिनं त्याचा हात धरला. "मला आई म्हणणारा एकच होता, त्याला तू मारलंस. आता तूच म्हण."