इबू, निघतो आम्ही

आम्हा जावा बेटावरच्या माणसांचा शब्द म्हणजे शब्द. निघणाऱ्या प्रत्येकाला आम्ही "पुन्हा या, महिनाभर राहा" असं बेधडक सांगतो, कारण कोणी येत नाही.

शाळेत असताना वर्षभर आमच्याकडे राहून शिकलेला जर्मन येन्स मात्र वीस वर्षांनी आला, बायकोला घेऊन. रविवारी व्याही मुक्कामाला यायचे होते आणि जास्तीची खोली एकच. आमची ही चुलीपाशी कुजबुजायची, "कधी जाणार हो हे?" पाहुण्याला तसं विचारणं आमच्यात बसत नाही. त्याला तेव्हा सुट्टीत सांभाळणारं सोलो शहरातलं दुसरं कुटुंब फोनवर म्हणायचं, "राहू दे की तुमच्याकडेच, घाई काय!"

येन्स रोज सकाळी कमरेत वाकून, हिला आमच्या भाषेत आई अशी हाक मारत म्हणायचा, "इबू, निघतो आम्ही."

"इतक्यात? बस की, चहा टाकलाय."

तो पुन्हा बसायचा.

शनिवारी त्याची बायको रडताना दिसली. मी येन्सला बाजूला घेतलं. "काही चुकलं का रे आमचं?"

"छे हो, बापा. यजमान 'बरं, या' म्हणेपर्यंत उठायचं नसतं, हे तिला पटत नाहीये. मला इबूनंच शिकवलंय ना."

त्यांचं परतीचं विमान मंगळवारीच गेलं होतं.