पायांना न कळलेला नमस्कार

कीर्तन संपलं तशी बुवांना नमस्कार करायला देवळात रांग लागली. सुभद्राकाकू पायांवर डोकं ठेवून थांबून राहिल्या. बुवा आपले पेटीवाल्याशी बोलण्यात दंग.

"रागावलात का बुवा? आशीर्वाद तरी द्या!"

बुवा दचकले. काकूंचं कपाळ पायाला लागलेलं त्यांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. "फळं, भाज्या, मोडाची कडधान्यं, सगळं उत्तम. पण कच्च्या शाकाहारात बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व मिळत नाही, आणि तुम्ही दूधही सोडलंत. त्यानंच पाय बधिर झालेत. गोळ्या घ्या, नाहीतर पुढे कीर्तनाला उभं राहणं कठीण."

बुवा गोळ्या घेऊन घरी निघाले खरे, पण मन मानेना. चुलीला आणि दुधाला न शिवणारे बुवा म्हणून त्यांचं नाव झालं होतं. त्याच बुवांनी आता गोळ्या खायच्या?

घरी उमाबाई काकडी चिरत होत्या. नवऱ्याचं बोलणं ऐकून त्यांचा हात थांबला.

"अहो, म्हणजे पाय बधिर होतात ते यानं? माझे तर वर्षभर होतायत. मला वाटलं, माझीच भक्ती कुठं कमी पडतेय."

कच्चं खाण्याचं व्रत बुवांनी घेतलं होतं. तिनं मुकाट्यानं तेच ताट स्वीकारलं होतं. तिला घेऊन ते लगेच पुन्हा दवाखान्यात गेले.

पुढच्या कीर्तनात नमनाआधीच ते म्हणाले, "मंडळी, माझं ऐकून कच्चं खाणाऱ्यांनी आधी रक्त तपासून घ्या. मी गोळ्या सुरू केल्यात."

"आणि व्रत हो?" कुणीतरी विचारलं.

"चालू आहे की! फक्त नैवेद्य झाला, की पहिली गोळी हिला, मग मला."