चौदावा मजला

बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग बाजूला होऊन म्हणाले, "हं, ये आता."

शेजारी फोटो काढणारं एक जोडपं तोंड दाबून हसलं. त्यांचं काय चुकलं? नदीवरचा हा पादचारी पूल चांगला पोलादाचा. बाबा वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, लेकीला घेऊन इथे यायचे आणि दर वेळी आधी कठड्याची परीक्षा घ्यायचे. वीस वर्षांत कठडा तसूभर हलला नव्हता, पण बाबांची काही खात्री पटत नव्हती.

समोर नदीपलीकडे अख्खं शहर उभं होतं. लोक त्या उंच इमारती बघायलाच इथे यायचे. तिने मात्र नेहमीसारखी एकच पाहिली. गोल गॅलऱ्यांची, निळ्या काचांची. तिथे तिची आई राहत होती.

बाबा गवंडी. आई त्यांच्याच हाताखाली घमेली वाहायची, हे तिला ऐकून ठाऊक. आठवत काहीच नव्हतं. ती चार वर्षांची असताना तिला पंधरा दिवस शेजारच्या मावशींकडे ठेवलं होतं. न्यायला आले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "आई गेली." त्यानंतर त्यांनी ती वस्तीच सोडली. बोलायला पैसे पडतात असा माणूस, त्यात हा विषय. दोन वर्षांनी हा पूल झाला, तेव्हा तिने इथेच उभं राहून विचारलं होतं, "आई कुठे गेली?"  बाबांनी त्या इमारतीकडे बोट केलं आणि तोंड फिरवलं. पोर काय समजायचं ते समजली. पुन्हा तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण मनातल्या मनात तिने आईचा संसार पुरता थाटून दिला होता. मऊ गाद्या, दुसरा नवरा, दुसरी मुलं. एखाद्या गॅलरीत झबली वाळत दिसली की तिचा जळफळाट व्हायचा. त्याहून राग बाबांचा यायचा. ज्या बाईने लाथाडलं, तिच्या खिडक्यांकडे हा माणूस दर वर्षी डोळे लावून उभा राहतो!

घरात आईची एकच वस्तू होती. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची जुन्या कापडाची चुंबळ. बाबांनी ती फळीवर जपून ठेवली होती. चौदा वर्षांची असताना तिने ती उलगडली आणि त्या कापडाने फरशी पुसली. बाबा कामावरून आले. त्यांनी ते फडकं उचललं, धुतलं, वाळवलं, पुन्हा गोल गुंडाळून फळीवर ठेवलं. तिला एका शब्दाने बोलले नाहीत. हा माणूस कधीच कसा चिडत नाही, म्हणून ती आणखी चिडली.

आता तिचं लग्न ठरत होतं. मुलगा सुतार, हसतमुख, तिला मनापासून आवडलेला. गेल्या आठवड्यात त्याची आई घरी आली तेव्हा बाबा कधी नव्हे ते कौतुकाने बोलून गेले, "पोरगी अगदी आईवर गेलीय."  ते ऐकून तिने मुलाला कळवलं, चार दिवस थांब. तो बिचारा थांबला होता.

"बाबा, मजला सांगा," ती म्हणाली.

"कसला?"

"आईचा. कितवा?"

बाबांनी कठडा घट्ट धरला. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. ते म्हणाले, "चौदावा."

तिने खालून मजले मोजले. चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत कुणीतरी कुंड्या मांडल्या होत्या. लाल फुलं असावीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"मी आत्ता जाणार आहे तिथे," ती म्हणाली. "दार वाजवणार. चार वर्षांची पोर टाकून तुला या घरात झोप तरी कशी लागते, असं तोंडावर विचारणार. मगच लग्नाचं काय ते ठरवणार. मी आईवर गेलेय ना, बाबा? मग उद्या मीही माझं लेकरू टाकून अशीच निघून गेले तर?"

 ती काय बोलतेय, हे बाबांना आधी कळेचना. मग कळलं. हा पूल, ती तारीख, धुतलेलं फडकं, पोरीची वीस वर्षांची धुसफूस, सगळं एकदम कळलं. त्यांनी हात पुढे केला आणि तिला कठड्यापासून एक पाऊल मागे ओढलं, लहानपणी ओढायचे तसं.

"तुझ्या आईचं तिथे कुठलं गं घर," ते म्हणाले. "ती इमारत आम्ही बांधत होतो. तेव्हा चौदाव्या मजल्याला कठडा लागला नव्हता."