बिजली कोणाच्या हातून खाते

शारदाबाईंनी मटणाचा तुकडा उचलून तळहातावर ठेवला. जाळीपलीकडे बिजली उभी होती. मागे मंडळाचे सेक्रेटरी प्रतापराव कमिटीची चार माणसं घेऊन उभे होते, आणि त्यांच्याही मागे, नजर खाली घालून, संताजी.

बिजली ही चित्तीण. संस्थान होतं तेव्हा ती शिकारखान्यात आली आणि काळविटांमागे धावली. संस्थान जाऊन आता चार वर्षं झाली होती. शिकारखाना मोडला, आणि म्हातारी बिजली वन्यप्राणी रक्षक मंडळाच्या वाट्याला आली. तिच्याबरोबर तिला सांभाळणारा संताजीही आला. यावंच लागलं. चित्ता धरून आणला की त्याला पहिल्या दिवसापासून एकाच माणसाच्या हातून खायची सवय लावत, ही शिकारखान्याची रीत. दुसऱ्याने थाळी भरून ठेवली तरी बिजली तिच्याकडे ढुंकून बघत नसे, उपाशी पडून राही.

शारदाबाई कन्याशाळेत भूगोल शिकवत आणि शाळेआधी दोन तास मंडळात फुकट राबत. स्वयंसेवक तसे पुष्कळ होते, पण ते रविवारचे. हरणांना गाजरं खिलवायची, थोडं हिंडायचं आणि घरी जाऊन पोहे खायचे. शारदाबाईंनी पिंजरे घासले. ज्यांच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नसे, त्या मटण हातात धरायला शिकल्या. सासूबाईंना त्यांनी हे अजून सांगितलेलं नव्हतं. मग एके दिवशी संताजीच म्हणाला, "लो बाई, आज तुम्ही देऊन बघा." वर्षभर तो रोज त्यांच्या शेजारी उकिडवा बसला, आणि एका सकाळी बिजलीने त्यांच्या तळहातावरून तुकडा उचलला.

बाईंचा आनंद पोटात मावेना. त्यांनी मंडळाच्या वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बिजली आता माझ्या हातून खाते.' घोटाळा झाला तो इथेच.

मंडळाचं अनुदान आटलं होतं. पगारी माणसं दोनच, संताजी आणि हरणांकडचा चिंतामण. त्यातला एक कमी करायचा होता. प्रतापरावांनी वही वाचली आणि शारदाबाईंना ऑफिसात बोलावलं.

"कमिटीसमोर एकदा करून दाखवा, बाई. तिने तुमच्या हातून खाल्लं, तर संताजीची जागा काढता येईल. नहीं तो फिर चिंतामण."

त्या दिवसापासून शारदाबाईंना घास गोड लागेना. ज्याने हाताला धरून शिकवलं, त्याच्याच पोटावर पाय! चिंतामण तरणा होता, त्याला कुठल्याही मिलमध्ये काम मिळालं असतं. साठीच्या संताजीला कोण ठेवणार? त्याच्याशी बोलावं, निदान माफी तरी मागावी, असं दहादा मनात आलं. तो विचारायचाही, "बाई, तबियत ठीक आहे ना?" त्या "हो, हो" म्हणत आणि बादली उचलून दुसऱ्या पिंजऱ्याकडे जात. शिकल्यासवरल्या माणसाला लाज वाटली की तो बोलत नाही, कामाला लागतो.

आज सकाळी घरून निघताना त्यांनी दोन्ही तळहातांना निलगिरीचं तेल चोळलं होतं. कोणी विचारलंच तर पडसं झालंय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

बिजली पुढे आली, रोजच्यासारखी, सावकाश. शारदाबाई मनात म्हणत होत्या, खाऊ नकोस, बये, आज खाऊ नकोस. बिजलीने नाक हाताजवळ आणलं. ती फिसकारली, तिने मान झटकली आणि मागे सरली. बाईंनी देखाव्यापुरता हात आणखी पुढे केला. बिजली कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून बसली.

प्रतापराव थोडा वेळ थांबले. त्यांनी एकदा संताजीकडे पाहिलं, मग खिशातलं पेन काढून कागदावरच्या एका नावावर रेघ मारली. "चिंतामण, जरा ऑफिसात ये," अशी हाक देऊन ते कमिटीच्या लोकांबरोबर निघून गेले. पलीकडे हरणांच्या कुंपणापाशी चिंतामणने हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि तो त्यांच्या मागोमाग गेला.

शारदाबाईंनी तिकडे बघायचं टाळलं. त्या वळल्या तेव्हा संताजी जमिनीवर बसलेला होता. सुटकेने पाय गळाले असतील बिचाऱ्याचे, असं त्यांना वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या त्याच्याशी मोकळेपणी हसल्या.

"घाबरू नका, संताजीकाका. तुमची जागा राहिली." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मी हाताला निलगिरीचं तेल लावून आले होते. तुमच्यासाठी."

संताजी त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"ये क्या केलं, बाई," तो म्हणाला. "चिंतामणची तीन लेकरं आहेत. माझं नाव काढा म्हणून मीच साहेबांच्या पाया पडलो होतो. देपालपूरला माझी लेक आहे. मी नसलो की ही बिजली उपाशी राहते म्हणून दहा वर्षांत तिच्या दारात गेलो नाही. जायचं नसतं, तर वर्षभर बसून तुम्हाला शिकवलं कशाला असतं?"